इतर व्यक्ती क्र. ९

प्रश्न तीनच होते. मारणारे किती, कोणी कशाने मारलं, आणि फुटेजमध्ये काटछाट झाली आहे का. बघणाऱ्यांबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. विचारत नाहीतच.

मी व्हिडिओ तपासणीचं काम करतो. लोकांना वाटतं, आम्ही बटण दाबलं की धूसर चेहरा लख्ख होतो. बारा पिक्सेलांच्या चेहऱ्यात जे टिपलंच गेलं नाही ते मी कुठून आणू? हे तपास अधिकाऱ्यांनाही दर वेळी नव्याने सांगावं लागतं. आमचा खरा वेळ जातो घड्याळं जुळवण्यात. इथे एक क्लिप सीसीटीव्हीची; ती साठवणाऱ्या डीव्हीआर यंत्राचं घड्याळ सात मिनिटं पुढे, आवाज नाही, आणि डिस्क वाचवायला सेकंदाला पंधराच फ्रेम. दुसरी क्लिप बघ्यांपैकी एकाच्या मोबाइलवरची, आवाजासकट. मोबाइलचा फ्रेमचा वेग मध्येच कमीजास्त होतो, त्यामुळे नुसत्या फ्रेम मोजून भागत नाही, एकेका फ्रेमची नोंदलेली वेळ काढावी लागते. दोन्हींत एका गाडीच्या हेडलाइटचा पट्टा भिंतीवरून सरकताना सापडला, त्यावर मी दोन्ही क्लिपा जोडल्या. दोन दिवस गेले, पण जोड अशी बसली की पडणारा प्रत्येक फटका आता आवाजासकट दिसत होता. तेवढ्यापुरता मी खूश होतो.

मारणारे तिघे. उभे असलेले चौदा. अहवालात त्यांना ‘इतर व्यक्ती’ म्हणायचं.

त्यातल्या नवव्याने बॅग खाली ठेवली.

माझा जीव भांड्यात पडला. नव्या लोकांना शिकवताना मीच मोठ्या उत्साहाने सांगत असतो, की २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लँकेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम आणि केपटाउनमधल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही फुटेज तपासलं, तर दहापैकी नऊ वेळा निदान एक जण तरी मध्ये पडला होता. माणसं जास्त, तेवढी कोणी तरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीझचा खून झाला तेव्हाची ‘अडतीस जण नुसते बघत राहिले’ ही बातमी किती फुगवलेली होती, तेही सांगतो. म्हणून वाटलं, हा जाणार.

त्याने डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. दोन्हीकडचे समोर बघत उभे. १६५ फ्रेम, म्हणजे अकरा सेकंद. मग त्याने बॅग उचलून खांद्याला लावली.

मोबाइलच्या आवाजात याच अकरा सेकंदांत कोणी तरी तीनदा ओरडतं, “अरे, कोणी तरी सोडवा रे त्याला!” पहिल्या हाकेला बॅग खाली, तिसरीनंतर वर. आवाज बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आणि स्वच्छ, माइकच्या अगदी तोंडाशी. माझ्या मते तो शूटिंग करणाऱ्याचाच. हात मात्र हलत नाही, चौकट स्थिर. इतकं स्थिर चित्रण मला क्वचित मिळतं, आणि त्याच्यामुळेच तिघांचे चेहरे सापडले. त्याला शिव्या घालाव्यात की आभार मानावेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि राग येतो तो नवव्याचा. बाकीच्या बारांचा येत नाही, याची मलाच लाज वाटते. त्यांनी तर बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

मी अहवालात ओळ घातली: ‘इतर व्यक्ती क्र. ९ अकरा सेकंद बॅग जमिनीवर ठेवते.’ साहेबांनी पेन्सिलने गोल केला. “हे विचारलंय का?”

“नाही, सर. पण जर्मनीत कलम ३२३ सी खाली मदत न करणं हाच गुन्हा आहे. तिथे ही ओळ...”

“आपण तिथे आहोत का?”

नियमाने त्यांचंच बरोबर. विचारलेल्याच्या पलीकडे लिहिलं की उलटतपासणीत वकील तेवढंच धरून अख्खा अहवाल पाडतात. मी ओळ काढली. तीन हाका मात्र राहिल्या, कारण फुटेज अखंड आहे हे दाखवायला आवाजाचा उतारा जोडावाच लागतो. परिशिष्टात आहेत त्या, ‘अज्ञात आवाज’ म्हणून.