आजोबांच्या ट्रंकेतली कसर
आज दुपारी आजोबांची ट्रंक उघडली. गिरणीतले जुने पगाराचे कागद, तळाशी एक सोलापुरी चादर. कागद उचलला आणि रुपेरी काहीतरी सरसर पळालं. कसर!
आजी म्हणाली, "मार गं तिला, चादर खाईल." माझा हातच उठला नाही.

पंख असलेल्या कीटकांचे स्पष्ट जीवाश्म सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीपासून सापडतात. कसरीच्या घराण्याची फांदी त्याहीआधी वेगळी झालेली. तेव्हा डायनोसॉरही नव्हते. तिच्या पूर्वजांना पंख कधी आलेच नाहीत, आणि आजही तिला ना पंख, ना कोष. अंड्यातून निघते तीच मोठीची छोटी प्रत. मोठी झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहते. बोटाला लागते ती चंदेरी पूड म्हणजे तिचे खवले. पकडीतून निसटायला तेच कामी येतात.

तिला पिष्ट आवडतं, म्हणजे पुस्तकाच्या बांधणीतली खळ, कपड्याची खळ. आमच्या गावात सुताला खळ लावण्यात पिढ्या गेल्या, तिला इथे काय कमी?

१९३८ साली दक्षिण आफ्रिकेत सीलाकँथ मासा जिवंत सापडला तेव्हा जग थक्क झालं होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच तो संपला असं समजत होते. मला आज तेवढंच नवल वाटलं, शिवाय आमच्याच ट्रंकेत.

चादर झटकून उन्हात घातली आहे. कसर कपाटामागे गेली. आजीला अजून सांगितलेलं नाही.