मिसिंग फक्त चढावरच का?

जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाने जाता जाता एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली होती. "ताई, प्लगचं जरा वेगळं काम करून घेतलंय. पिकअप बघाच तुम्ही." प्लग म्हणजे सिलिंडरात ठिणगी टाकून इंधन पेटवणारा स्पार्क प्लग. त्याचं काय काम, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. कुणीतरी ओळखीच्याने 'रेसिंगवाल्यांसारखं' करून दिलं होतं म्हणे.

गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल, कंपनीनेच सीएनजी बसवलेली. कोल्हापुरात तक्रारीला जागा नव्हती. रंकाळा, कावळा नाका, शाळा, मंडई, सगळीकडे गाडी लोण्यासारखी चालायची. माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे आंबा घाट वारंवार होतो. जाताना उतार, तेव्हाही काही कळायचं नाही. येताना मात्र साखरपा मागे पडून चढण लागली, की तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या दाबल्या गाडी गचके द्यायला लागायची. गॅरेजच्या भाषेत मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरातलं इंधन न पेटणं. पाय थोडा सैल केला की थांबायची, पुन्हा दाबला की पुन्हा तेच. पेट्रोलवर टाकली की बरीचशी शांत व्हायची. पावसाळ्यात, धुक्यात, मागे भरलेला ट्रक असताना हा खेळ अजिबात गमतीचा नसतो.

पहिल्या गॅरेजमध्ये निदान गाडी बघायच्या आधीच झालं. सीएनजीवर होतंय ना, मग सीएनजीचाच फॉल्ट. फिल्टर बदलला, थ्रोटल बॉडी साफ केली. प्लगही काढले, तारेच्या ब्रशने घासले आणि "चकाचक आहेत" म्हणून परत बसवले. गाडी जागेवर चालू ठेवून दोनदा रेस करून दाखवली. कुठे आहे मिसिंग? मग माझ्या नवऱ्याकडे वळून विचारलं, "मॅडमचा पाय क्लचवर राहतो का?" नवऱ्याला गाडी येत नाही. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

दुसरीकडे थेट सीएनजीच्या इंजेक्टरांचा सेट बदलायचं एस्टिमेट मिळालं. आकडा ऐकून मी गाडी घेऊन परत आले आणि एक छोटा ब्लूटूथचा ओबीडी डोंगल मागवला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात तो खोचायचा आणि मोबाइलवर गाडीच्या ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, काय नोंदवून ठेवलंय ते वाचायचं. पुढच्या खेपेला घाटात चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला. लागून राहिलेला दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत फरक आहे. लुकलुकणं म्हणजे मिसफायर, म्हणजे हेच मिसिंग, इतकं वाढलंय, की न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि त्याची वाट लावू शकतंय. अशा वेळी पाय काढायचा, गाडी हळू घ्यायची. मी पेट्रोलवर घेतली, वर आंबा गावात थांबले आणि कोड वाचला: पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिस करतोय. कुठल्याही सिलिंडरात विस्कळीत मिसिंग असेल तर पी०३०० येतो. माझ्याकडे आता निदान एका सिलिंडरचा पत्ता होता.

तो पत्ता घेऊन मी उद्यमनगरातल्या एका जुन्या गॅरेजमध्ये गेले. मालकांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी कोड बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "गाडी उभी असताना काय होत नाही, होय की नाही?" मी हो म्हणाले. "मग उभी करून काय बघायचं?"

या एका वाक्यात सगळं आहे, म्हणून इथे जरा थांबते. प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडायला हजारो व्होल्ट लागतात, पण किती हजार ते ठरलेलं नसतं. फट जितकी रुंद आणि फटीतली हवा जितकी दाबलेली, तितकं जास्त व्होल्टेज लागतं. गाडी जागेवर चालू असते तेव्हा थ्रोटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद, सिलिंडरात हवा-इंधनाचं मिश्रण थोडं, त्यामुळे ठिणगीच्या क्षणी दाब कमी. तिथे मरायला टेकलेला प्लगसुद्धा काम करतो. चढावर पाय दाबला की सिलिंडर भरतो, दाब कितीतरी पट वाढतो. प्लगला वीज पुरवणारी कॉइल मग व्होल्टेज चढवत नेते आणि वीज बाहेर पडायला सगळ्यात सोपी वाट शोधते. प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट कुठे असेल, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीतल्या चिरेतून किंवा बाहेरून काजळीच्या रेघेवरून, तर ती तिकडून पळते. फटीत ठिणगी नाही, मिश्रण तसंच बाहेर, गाडीला गचका. सीएनजीला पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून दुखणं आधी सीएनजीवर दिसतं. नाव सीएनजी किटचं होतं आणि दोष इग्निशनचा निघतो, तो असा.

मामांनी आधी कॉइल तपासली, तीही मीटर न लावता. तीन नंबरची कॉइल काढून दोन नंबरवर बसवली, दोनची तीनवर. कोड पुसला आणि मला म्हणाले, "चला, ज्योतिबाचा डोंगर चढून येऊ." कॉइल खराब असती तर कोड दोन नंबरवर गेला असता, पी०३०२ झाला असता. डोंगरावर पुन्हा पी०३०३ आला. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, कारण गरम अ‍ॅल्युमिनिअमच्या हेडमधून प्लग काढायला गेलं तर आटे खराब होतात. मग तीनचा प्लग एकला, एकचा तीनला. पुन्हा डोंगर. या वेळी पी०३०१. दुखणं प्लगबरोबर हललं होतं. या सगळ्याला एक पैशाचा पार्ट लागला नाही. दोन गॅरेजांनी हे का केलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

प्लग टेबलावर मांडले तेव्हा मामांनी चष्मा पुसला. "हे कुणी केलं?"

प्लगच्या खालच्या बाजूला धातूची वाकडी पट्टी असते, अर्थ इलेक्ट्रोड. ती मधल्या इलेक्ट्रोडच्या डोक्यावर छत्रीसारखी येते आणि दोघांमध्ये फट असते. माझ्या चारही प्लगांची ती पट्टी कानशीने घासून आखूड केली होती. छत्री अर्ध्यावरच संपत होती. याला साइड गॅप म्हणतात. शिवाय चिनी मातीवर मार्करची एकेक काळी रेघ होती. ती चीर असावी असं मला वाटलं, पण ती खूण निघाली. पट्टीची उघडी बाजू कुठे आहे हे प्लग आत गेल्यावरही कळावं म्हणून केलेली. उघडी बाजू मिश्रण आत येतं त्या इनटेक व्हॉल्व्हकडे यावी म्हणून दोन प्लगांखाली जास्तीचे तांब्याचे वॉशरही घातले होते. रेघ मार्करची होती हे त्यातल्या त्यात बरं. काही जण ती पेन्सिलीने काढतात, आणि पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं.

मामा रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी त्या कारागिरीला आधी दाद दिली. यात तथ्य नाही असं नाही, ते म्हणाले. पट्टी आखूड केली की ज्योतीचा पहिला ठिपका मोकळा पसरतो, आणि कानशीने आलेल्या धारदार कडेवरून ठिणगी कमी व्होल्टेजलाही उडते. त्यामुळे सुरुवातीला इंजिन खरंच मऊ चालतं. शर्यतीत चालून जातं, तिथे प्लग सतत बदलतात. घरच्या गाडीत तीच धार सगळ्यात आधी झिजते. ठिणगी रोज त्या एकाच कोपऱ्यावर बसते, कोपरा गोल होतो आणि फट तिरकी वाढत जाते. ती फट मोजायच्या आपल्या चपट्या फिलर गेजला सापडतही नाही. माझ्या गाडीची फट पुस्तिकेप्रमाणे ०.८ ते ०.९ मिमी हवी. पत्तीचं गेज घातलं की बरोबर वाटायची. मामांनी गोल तारेचं गेज घातलं तर १.१ ची तारसुद्धा दोन प्लगांमधून आरपार गेली. वॉशरचंही तसंच. प्लगची उष्णता मुख्यतः बैठकीतून आणि आट्यांतून हेडमध्ये जाते. वॉशर वाढवला की प्लग वर उचलला जातो, हेडमधले शेवटचे आटे उघडे पडतात आणि त्यांत काजळी धरते.

पण तीन नंबरच्या प्लगचं मिसिंग नुसत्या झिजेने येत नव्हतं. डोळ्यांना तो बाकीच्यांसारखाच दिसत होता. मल्टिमीटर लावला तर प्लगच्या डोक्यापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत साधारण पाच हजार ओहम, म्हणजे आतला रेझिस्टर शाबूत. मग मामांनी कोपऱ्यातलं एक जुनं यंत्र उघडलं. प्लग वाळूच्या झोताने साफ करायचं आणि तपासायचं यंत्र. पूर्वी बऱ्याच गॅरेजांत असायचं, आता नवा प्लग स्वस्त पडतो म्हणून धूळ खात पडतं. प्लग आट्यांनी यंत्राच्या तोंडात बसवायचा, डोक्यावर वायर लावायची, कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि बारीक काचेतून ठिणगी बघायची.

हवा न सोडता तीन नंबरने झकास निळी ठिणगी दिली. पहिल्या गॅरेजने बघितलं असतं तरी त्यांना हेच दिसलं असतं. मग मामांनी हवा सोडली. काटा वर जाऊ लागला तशी ठिणगी आधी चुकत गेली, मग फटीतून गायबच झाली. मी म्हटलं, बंद पडला. ते म्हणाले, "बंद न्हाई, आत बघा." पांढऱ्या नाकाच्या मुळाशी, धातूच्या कवचाच्या आत, एक फिकी लुकलुक चालू होती. चिनी मातीच्या नाकाला केसाएवढी चीर होती आणि वीज तिच्यातून कवचात उतरत होती. बाकीचे तीन त्याच दाबाला टिकले. त्यांतला एक दाब आणखी वाढवल्यावर अडखळायला लागला. त्याचाही नंबर लागणारच होता.

चीर कशी पडली हे खात्रीने सांगता येणार नाही, पण मामांचा अंदाज मला पटतो. पट्टी घासल्यावर फट जुळवायला ती वर उचलावी लागते. त्यासाठी योग्य हत्यार फक्त पट्टीला धरतं. कुणी स्क्रू ड्रायव्हर मधल्या इलेक्ट्रोडवर टेकवून पट्टी उचकटली, तर सगळा जोर चिनी मातीच्या नाकावर येतो. ते उष्णता सोसतं, बाजूने आलेला जोर नाही. प्लग हातातून फरशीवर पडला तरी हेच होऊ शकतं, म्हणून पडलेला प्लग मामा ग्राहकासमोरच बाजूला टाकतात. तारेच्या ब्रशबद्दलही ते नाराज होते. ब्रशच्या धातूची बारीक रेघ चिनी मातीवर उमटते आणि विजेला आयती वाट मिळते.

नवे प्लग घेताना दुकानदाराने इरिडियम पुढे केले. वाईट नाहीत. टोक खूप बारीक, झीज कमी, साध्या निकेलच्या प्लगपेक्षा कितीतरी जास्त किलोमीटर चालतात. पण किंमत काही पटीने, आणि त्यांची फट उचकटायची नसते. मी कंपनीने सांगितलेल्या नंबरचे साधे निकेलचे घेतले. सीएनजीवर ते लवकर बदलावे लागतील, चालेल. नंबर मात्र तोच हवा. त्यातला एक आकडा प्लग किती थंड की गरम चालतो ते सांगतो, आणि त्याचीही गंमत आहे: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. कंपनी बदलताना आकड्यावरून अंदाज बांधायला गेलात तर उलटंच होतं. जास्त थंड प्लग स्वतःची काजळी जाळू शकत नाही. जास्त गरम प्लगचं टोक लाल होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं.

मामांनी चारही नव्या प्लगांची फट तारेने मोजली, एक थोडी मिटवली. प्लग रबरी नळीच्या तुकड्यात धरून हातानेच आटे लावले. पूर्ण बसल्यावर पान्याने अर्ध्या फेरीपेक्षा थोडं जास्त, कारण वॉशर नवा होता. आट्यांना ग्रीस नाही. तीन नंबरच्या कॉइलचा प्लगवर बसणारा रबरी बूट आतून कडक झाला होता, तोही बदलला.

नंतरच्या खेपेला आंबा घाट सीएनजीवर तिसऱ्या गिअरमध्येच चढले. गचका नाही, दिवा नाही. अ‍ॅव्हरेजही सुधारलं आणि त्याचं कारण मला डोंगलवर दिसलं. ठिणगी चुकली की न वापरलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो. तिथल्या सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ, म्हणजे त्यात इंधन कमी आहे, आणि ईसीयू इंधन वाढवत राहतो. म्हणजे एक सिलिंडर काम करत नव्हता आणि बाकीचे तीन त्याच्या वाटचं जास्तीचं खात होते. आता इंधनाची ती दुरुस्ती शून्याच्या आसपास आली आहे.

सकाळी थंड इंजिन चालू करताना डॅशबोर्ड अजून थोडा थरथरतो. मामांनी बॉनेट उघडून हात लावून बघितलं, ते इंजिन माउंटिंगचं रबर आहे. प्लगशी त्याचा संबंध नाही. ते काम गणपतीनंतर काढलंय.