इंदूरच्या थंडीत दाट हॉट चॉकलेट: कुठे जावं, काय विचारून घ्यावं

इंदूरला हॉट चॉकलेटच्या शोधात जाणाऱ्याने पहिल्या संध्याकाळी कॅफेत जाऊ नये. आधी सराफ्यात, म्हणजे सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जावं, रात्री साडेनऊ-दहानंतर, आणि कढईतलं केशरी दूध प्यावं. ज्या गावाला थंडीच्या रात्री रस्त्यात उभं राहून आटवलेलं दूध प्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, तिथे कपभर गरम चॉकलेटचे अडीच-तीनशे रुपये घेणाऱ्या कॅफेला त्या कढईच्या तोडीचं काहीतरी द्यावंच लागतं. ती चव जिभेवर असली की कुठल्या कपात जीव आहे आणि कुठला नुसताच गोड आहे, हे पहिल्या घोटात कळतं.

मी गेले ती संक्रांतीनंतर. मुक्काम लोकमान्य नगरात आत्याकडे, आणि फिरायला सोबत आतेबहीण. आत्याला हा बेत मुळीच पटला नव्हता. "अगं, दूध प्यायला कॅफेत कशाला जायचं? मी देते की आटवून, जायफळ घालून!" आत्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण चांगलं हॉट चॉकलेट ही वेगळी चीज आहे, आणि इंदुरात ती आता खरंच चांगली मिळते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मालव्याची थंडी कोरडी असते. दुपारी ऊन इतकं छान असतं की स्वेटर काढून हातावर टाकावा लागतो, आणि सूर्य कलला की तासाभरात गारठा अंगावर येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली सहज उतरतो. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांनी स्वेटरच्या भरवशावर राहू नये. कानटोपी आणि शाल दोन्ही न्यावं. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्स्प्रेस सकाळी इंदुरात पोहोचवते, पुण्याहूनही थेट गाडी आहे. धुळे-सेंधवा मार्गे रात्रीच्या स्लीपर बसही भरपूर, पण घाटात झोप लागत नसेल तर रेल्वेच बरी.

सराफा राजवाड्याच्या मागेच आहे. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती मिटली की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या आणि टेबलं लागतात. गाडी घेऊन आत शिरायचा विचारही करू नका. रिक्षा किंवा कॅब राजवाड्यापाशी सोडा आणि चालत जा. शनिवार-रविवारी खांद्याला खांदा लागतो, म्हणून मधला वार गाठा. दुधाची कढई लांबूनच दिसते: रुंद, उथळ, खाली मंद आच. दुधावर साय धरली की दूधवाला ती हलकेच कडेला सारतो आणि कढईच्या काठावर थर चढत जातो. आपला ग्लास भरायच्या आधी तो दूध एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओततो, वर फेस येतो, मग काठावरचा सायीचा तुकडा काढून वर ठेवतो. केशराचा वास आधी येतो, गोडी नंतर. इथे मुद्दाम दोन गोष्टींकडे लक्ष द्या. दाटपणा आटवल्यामुळे आला आहे, कॉर्नफ्लोअरमुळे नाही. आणि साखर आहे, पण दुधाची चव तिच्याखाली दबलेली नाही. दुसऱ्या दिवशी कॅफेत बसल्यावर याच दोन गोष्टी तपासायच्या आहेत.

आता चॉकलेटकडे. मेन्यूवर हॉट चॉकलेट या एकाच नावाखाली तीन वेगवेगळे पदार्थ विकले जातात आणि बहुतेकांची निराशा इथेच होते. पहिला म्हणजे कोको पावडर, साखर आणि दूध. कोकोच्या दाण्याच्या गरात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. १८२८ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हान हौटेन यांनी तो दाबून वेगळा काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि मागे उरलेल्या पेंडीची पावडर घरोघर पोहोचली. या पावडरीचं दूध वाईट नसतं, पण ते पातळ आणि हलकं असतं. आपण लहानपणी प्यायलो ते हेच. दुसरा प्रकार खऱ्या चॉकलेटचा: कोको बटरसकटचं डार्क चॉकलेट दुधात वितळवून केलेला. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या जरा खालीच वितळतं, म्हणून घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं आणि मागे फक्त कोकोची किंचित कडवट चव रेंगाळते. तिसरा प्रकार कंपाउंडचा. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घट्ट करून घातलेलं असतं. ते स्वस्त पडतं, हाताळायला सोपं असतं, पण टाळूला मेणासारखा थर बसतो आणि कप निवला की वर तेलाचे बारीक डोळे दिसतात.

म्हणून ऑर्डर देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "पावडर का है, या चॉकलेट पिघलाकर बनाते हो?" इंदुरातली माणसं मोकळी आहेत, विचारलं तर वाईट वाटून घेत नाहीत, आणि ज्याच्याकडे खरं चॉकलेट असतं तो लगेच खुलून बोलायला लागतो. किती टक्के, कुठलं, दूध फुल क्रीम की टोन्ड, सगळं सांगतो. आजकाल काही ठिकाणी केरळातल्या इडुक्कीच्या किंवा आंध्रातल्या गोदावरी पट्ट्यातल्या कोकोचं चॉकलेटही वापरतात. तसं लिहिलेलं दिसलं तर जरूर घ्या. इडुक्कीच्या चॉकलेटची फळासारखी आंबूस छटा दुधातही टिकते.

जागांचं म्हणाल तर कॅफेंची खरी गर्दी पलासिया, जुना पलासिया, साउथ तुकोगंज आणि विजय नगर या पट्ट्यात आहे. छप्पन दुकानही न्यू पलासियातच. तिथे खोपरा पॅटिस आणि हॉट डॉग खायला अवश्य जा, पण ती उभ्याने खायची, हसतखेळत फिरायची जागा आहे. निवांत बसून चॉकलेट प्यायला तिथून जरा आतल्या गल्ल्यांत शिरायचं. जुना पलासिया आणि तुकोगंजातले जुन्या घरांत थाटलेले छोटे कॅफे मला सगळ्यात आवडले. भिंती जाड, खोल्या लहान, दिवे पिवळे, आणि टेबलं इतकी थोडी की काउंटरवरचा माणूस आपल्याशी बोलू शकतो. विजय नगरात जागा मोठ्या, सजावट चकचकीत, कॉलेजची मुलं खूप आणि गाण्यांचा आवाजही खूप. राजवाड्याकडून तिथे जायला संध्याकाळच्या रहदारीत अर्धा-पाऊण तास धरूनच निघा.

जुन्या पलासियातल्या एका कॅफेत काउंटरशेजारची जागा मिळाली म्हणून सगळी कृती डोळ्यांनी पाहता आली. आधी त्या मुलाने दोन कप गरम पाण्याने भरून ठेवले. मग छोट्या पातेल्यात डार्क चॉकलेटच्या चपट्या टिकल्या घेतल्या, त्यांवर जेमतेम बुडतील एवढंच गरम दूध ओतलं आणि मिनिटभर हातच लावला नाही. मग मधोमध छोटी विस्क धरून गोल फिरवायला लागला. आधी सगळं फाटल्यासारखं, डागडागांचं दिसलं, आणि मग एकदम चकाकी आली. तेव्हा कुठे उरलेलं दूध थोडं थोडं करून आत गेलं. पातेलं परत आचेवर, कडेला बुडबुडे दिसले की खाली, आणि शेवटी चिमटीभर मीठ. सगळं दूध एकदम ओतलं असतं तर चॉकलेटचे कण सुटे राहिले असते आणि तळाशी बसले असते. आधी दाट मिश्रण जमवलं की स्निग्धांश आणि पाणी एकजीव होतात. मी विचारलं की वाफेच्या नळीने का नाही करत, लवकर होईल. तर म्हणाला, "दीदी, दूध जल जाता है तो चॉकलेट की खुशबू दब जाती है." अगदी बरोबर. सत्तर अंशांच्या वर गेलेल्या दुधाला उकळल्याचा वास येतो, आणि इतका गरम कप जिभेला चवच लागू देत नाही.

तो कप लहान होता, जेमतेम दीडशे मिली. आतेबहीण म्हणाली, "ताई, एवढ्याचे एवढे पैसे?" पण अर्धा झाल्यावर तीच गप्प झाली, कारण एवढ्या दाट चॉकलेटचा मोठा मग कुणाला संपवता येत नाही. उलट दुसऱ्या एका ठिकाणी फोटोत शोभेल असा भला थोरला मग आला: वर क्रीमचा डोंगर, त्यावर बिस्किट, सॉस, रंगीत गोळ्या. खाली मात्र कोमट, गोडमिट्ट पावडरीचं दूध, आणि टाळूवर तोच मेणाचा थर. जिथे वरची सजावट मोठी असते तिथे खालच्या दुधाबद्दल आधी चौकशी करा. क्रीम नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा; क्रीम वर आलं की कप लगेच निवतो.

मार्शमॅलोबद्दल शाकाहारी मंडळींनी नीट वाचा. नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं असतं. वनस्पतीपासूनचे घटक वापरून केलेले शाकाहारी मार्शमॅलोही मिळतात आणि इंदुरात शाकाहारी आणि जैन गिऱ्हाईक भरपूर असल्याने बरेच कॅफे तेच ठेवतात, पण गृहीत धरू नका. पाकीट दाखवायला सांगा आणि हिरवा ठिपका बघा. मला दोन्हीकडे न कुरकुरता पाकीट आणून दाखवलं.

ऊब हवी असेल तर गच्चीवरच्या कॅफेंचा मोह टाळा. रात्रीचे दिवे, माळा, दूरवरचं शहर, सगळं सुंदर, पण जानेवारीत तिथे वारा असा येतो की पाच मिनिटांत कप गार. गच्चीवर जायचंच तर चार ते सहाच्या दरम्यान जा, ऊन पाठीवर घेऊन बसा. आत बसणार असाल तर दारापासून लांबचं टेबल मागा. काचेच्या ग्लासात देत असतील तर जाड चिनीमातीचा कप मागून घ्या. हा लहानसा बदल चव शेवटपर्यंत टिकवतो. आठनंतर जेवायला येणाऱ्यांची गर्दी होते आणि स्वयंपाकघरात तुमच्या कपाकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नसतो, म्हणून संध्याकाळी पाच ते सात हीच वेळ उत्तम. सकाळी जाऊन उपयोग नाही. बहुतेक कॅफे दहा-अकराला उघडतात, आणि इंदूरची सकाळ तशीही पोहे-जिलेबीची.

खाण्याचा क्रमही सांभाळा. थंडीत सराफ्यात गराडू नावाचा कंद मिळतो, तळून, वर जिरावण हा इंदुरी मसाला आणि लिंबू. तो सोडायचा नाहीच, पण जिरावणाच्या तिखट-आंबट चवीनंतर चॉकलेट फिकं लागतं. पहिल्या रात्रीनंतर एकाच संध्याकाळी दोन्ही करायचं तर चॉकलेट आधी, दोन तास फिरणं, मग सराफा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना डार्कऐवजी मिल्क चॉकलेटचा अर्धा कप द्या आणि तोही दिवेलागणीच्या आत, कारण कोकोत थिओब्रोमिन आणि थोडं कॅफीन असतं. मग रात्री झोपवताना तुमचीच दमछाक. मधुमेह असलेल्यांनी सत्तर टक्क्यांच्या चॉकलेटचा, वरून साखर न घातलेला कप करून मागावा. चॉकलेटमधली साखर आणि दुधातली नैसर्गिक साखर त्यात राहतेच, ते ध्यानात ठेवून छोटाच घ्यावा. आत्याला आम्ही असाच एक पार्सल नेला होता. पार्सल मात्र कागदी कपात न घेता स्वतःचा थर्मास पुढे करा. कागदी कपाच्या झाकणाखाली वाफ धरते आणि घरी पोहोचेपर्यंत वर पाण्याचा थर येतो.

इंदुरात मराठी नाटकं आणणाऱ्या सानंद न्यास या संस्थेचं नाटक तुमच्या मुक्कामात असेल तर प्रवेश कसा मिळेल याची चौकशी जरूर करा. इंदूरचा मराठी प्रेक्षक किती जाणता आहे ते तिथे बसल्यावर कळतं. आम्हाला कॅफेत शेजारच्या टेबलावर भेटलेल्या काकू-काकांशी याच विषयावर तासभर गप्पा झाल्या. मराठी ऐकून त्यांनीच खुर्च्या जवळ ओढल्या होत्या.

जायचं तर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. फेब्रुवारी अर्धा सरला की दुपारचं ऊन तापायला लागतं, कॅफेंच्या फळ्यांवर थंड पेयं चढतात आणि गराडूही हळूहळू दिसेनासा होतो. अवंतिकाचं आरक्षण मात्र बेत ठरल्याबरोबर करा. लग्नसराईत शनिवार-रविवारची तिकिटं फार लवकर संपतात.