मीटर धरायचा कुठं?

कारखान्यांतल्या सुरक्षेच्या नियमांचा मसुदा राजपत्रात निघाला की हरकती-सूचनांचा तक्ता करायचं काम आमच्या टेबलावर येतं. त्या दिवशी मुदत संपत होती. सकाळच्या डाकेत जाडजूड गठ्ठा आला. बहुतेक पत्रं एकाच मजकुराची, खालच्या सह्या तेवढ्या वेगळ्या : ‘जाचक नियम रद्द करावा.’ अशी शंभर पत्रं आली तरी तक्त्यात ओळ एकच. तक्त्याला हवा असतो पोटनियम, अडचण, कारण आणि बदली मजकूर.

गठ्ठ्याच्या तळाशी वहीचा फाडलेला कागद सापडला. टाक्या साफ करणाऱ्या कंत्राटी कामगाराचा. विषय नाही, नियम क्रमांक नाही. मसुद्यात होतं, ‘बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी वायूची तपासणी करावी.’ त्यावर त्यानं लिहिलं होतं, ‘तपासायचं कुठं? साहेब झाकणापाशी मीटर धरतात आणि सही करतात. घाण वायू खाली असतो. गाळ ढवळला की आणखी सुटतो.’

एकदम बरोबर. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. मिथेन हलका, तो वर जातो. क्रमही ठरलेला : आधी ऑक्सिजन (१९.५ ते २३.५ टक्के असला तर ठीक), मग ज्वलनशील वायू, मग विषारी. कारण ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर ऑक्सिजन कमी असला की फसतो, आकडा कमी दाखवतो. नाकाचा तर भरवसाच नको. हायड्रोजन सल्फाइड साधारण १०० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) गेला की वास येणंच बंद होतं. आणि गाळ उपसायला लागल्यावर सकाळी सही केलेल्या परमिटला, म्हणजे उतरायच्या लेखी परवानगीला, काय अर्थ?

सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ प्रमाणे मुदतीत आलेली हरकत विचारात घ्यावीच लागते. प्रत्येकीला उत्तर द्या, असं मात्र ते कलम म्हणत नाही. उलट, पूर्वप्रसिद्धीनंतर (म्हणजे मसुदा आधी प्रसिद्ध करून) केलेला म्हणून नियम राजपत्रात छापला गेला की तो रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा. म्हणजे टिपणीत उतरली नाही ती हरकत गेलीच म्हणायची.

म्हणून कागदाला पोटनियम आम्हीच जोडला आणि बदली मजकूर लिहिला : उतरायच्या वाटेवर दर चार फुटांवर, थेट तळापर्यंत तपासणी, आत माणूस असेपर्यंत मापन चालू. शेजारच्या टेबलावरून शंका आली, ‘आणि नळी?’ खरंच की. तळाची हवा तपासायला वरून सोडलेल्या नळीतून वायू मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. घाईनं ओढली तर तळाचं म्हणून वरचंच रीडिंग लिहिलं जातं. ‘प्रत्येक टप्प्यावर उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून’ हे शब्द घातले.

फाइल बांधताना दिसलं, त्या कागदावर आवक शिक्काच नव्हता. शिक्का नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर मुदतीत आल्याचा पुरावा नाही. आवक खिडकी बंद व्हायच्या आत शिपायाला धावत पाठवलं.