काशियशच्या भिंतीबाहेरून

लिस्बनहून मेल आली तेव्हा पणजीत दुपार टळत होती. उन्हाळ्याच्या वेळेनुसार पोर्तुगाल आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यामुळे तिकडचं ऑफिस उघडलं की आमची जेवणं झालेली असतात. बाहेर ऑगस्टचा पाऊस, टेबलावर ऑक्टोबरअखेरचं शेड्यूल, आणि मेलमध्ये एकच मुद्दा: लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात चित्रीकरण होणार नाही. तो आजही चालू तुरुंग आहे.

पोर्तुगालच्या तुरुंगांत ठेवलेल्या गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांवर आम्ही मराठी माहितीपट करत होतो. मी लाइन प्रोड्यूसर. दिग्दर्शकाच्या डोक्यातलं सगळं तारखा, परवानग्या आणि पैशांत बसवायचं हे माझं काम. आणि आमच्या संहितेचा गाभा काशियश होता, कारण तिथे मोहन रानडे होते.

रानडे मूळचे सांगलीचे. गोव्याच्या सशस्त्र लढ्यात उतरले, १९५५ साली पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, १९६७ चा जनमत कौलही झाला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी तुरुंगात गेलो ती मोकळी झाल्यावरही सात वर्षं आत राहणं म्हणजे काय, हे दाखवायला आम्ही निघालो होतो.

मेल वाचून आमचे दिग्दर्शक सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, आपला आग्वाद किल्ल्यातला जुना तुरुंग आहे की. एक कोठडी घेऊ, उजेड कमी ठेवू. भिंत ती भिंत."

सरांचा हेतू वाईट नव्हता. पैसे वाचणार होते, दृश्य हातचं जाणार नव्हतं. कथापट असता तर मीच आधी सुचवलं असतं. पण माहितीपटात आग्वाद दाखवून काशियश म्हणायचं, हे मला पटेना. आग्वादचा जांभा दगड गोव्यातलं शेंबडं पोरही ओळखतं. आणि कोणी ओळखलं नसतं तरी ज्या माणसाची इतकी वर्षं खरी गेली, त्याची कोठडी खोटी कशी दाखवायची? मी हे सरांना तसंच सांगितलं. आवाज थोडा चढला असेल.

कॅमेरादादा तोपर्यंत नकाशा उघडून बसले होते. लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्टेशनवरून कश्काइशकडे लोकल जाते, तेजो नदीच्या कडेकडेने. त्याच मार्गावर काशियश हे स्टेशन आहे. ते म्हणाले, "सर, बाहेरूनच घेऊया. गाडीतून, स्टेशनवरून, रस्त्यावरून. आत जाता येत नाही तर नाही. रानड्यांच्या माणसांना तरी कुठे जाता येत होतं?"

त्या वाक्याने खोलीतलं वातावरण पालटलं. सरांनी पेन्सिल उचलली आणि पुढचे काही तास आम्ही शेड्यूल नव्याने मांडलं. परदेशातल्या शूटमध्ये एक लोकेशन हललं की सगळंच हलतं.

आतलं दृश्य गेलं, म्हणून दिव्यांचा अर्धा संच गेला. बाहेरून, लांबून घ्यायचं म्हणून मोठी टेलिलेन्स आली. हे त्याच दिवशी ठरणं भाग होतं, कारण दुसऱ्या दिवशी कार्नेटची यादी फिक्की या उद्योगसंघटनेकडे जाणार होती. कार्नेट म्हणजे सामानाचा पासपोर्ट: तो असला की कॅमेरा, लेन्स तात्पुरते परदेशी नेताना तिथलं सीमाशुल्क भरावं लागत नाही. पण प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर, वजन, किंमत लिहावी लागते आणि कार्नेट निघाल्यावर यादीत एकही वस्तू वाढवता येत नाही. दादांनी लेन्स भाड्याने देणाऱ्याला फोन लावून नंबरचा फोटो मागवला. तोंडी सांगितलेला नंबर मी कधीच लिहीत नाही. ट्रायपॉड आणि उरलेले दिवे लिस्बनमध्येच भाड्याने घ्यायचं ठरलं. बॅटऱ्या मात्र आमच्याच, शंभर वॅट-अवरच्या आतल्या, आणि सुट्या बॅटऱ्या केबिनमधल्या बॅगेत, कारण त्या चेक-इन सामानात चालत नाहीत.

मग घड्याळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. आमचं शेड्यूल नेमकं त्या रविवारच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. आदल्या दिवशी लिस्बनमध्ये पावणेसातच्या सुमारास मावळणारा सूर्य त्या रविवारी पावणेसहालाच जातो. काशियशचा संध्याकाळचा उजेड आम्हाला नोकऱ्या आटोपून घरी जाणाऱ्या लोकांच्या गर्दीत हवा होता, म्हणून तो भाग रविवारनंतर ढकलला. सोमवारी लिस्बनचं अल्जूब संग्रहालय बंद असतं. तोही सालाझारच्या हुकूमशाही राजवटीचा तुरुंगच होता. म्हणून काशियशला सोमवार दिला.

एक दिवस सुटला, तो पेनिशला दिला. लिस्बनच्या उत्तरेला, अटलांटिकच्या तोंडावरचा तो किल्ला. गोव्यातल्या १९४६ च्या आंदोलनानंतर स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्यांना शिक्षा देऊन तिथे पाठवलं होतं. आता तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०२४ मध्ये पूर्ण उघडलेलं, आणि परवानगी घेऊन आत चित्रीकरण करता येतं. तिथे वारा फार, म्हणून दादांनी मायक्रोफोनचं केसाळ आवरण यादीत लिहायला लावलं.

आणि आग्वादही राहिला. कुन्यांना पोर्तुगालला नेण्याआधी आग्वादच्याच कोठडीत ठेवलं होतं. म्हणजे आग्वाद आग्वाद म्हणूनच येणार होता, स्वतःच्या नावाने. हे सुचलं ते सरांनाच. ते सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला, की मघाचा वाद दोघेही विसरलो.

संध्याकाळी लिस्बनच्या सहकारी बाईंशी बोलले. सार्वजनिक रस्त्यावरून लांबचा शॉट चालेल, पण पालिकेची परवानगी लेखी हवी, रेल्वेची वेगळी, आणि तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांचे चेहरे येता कामा नयेत, असं त्या म्हणाल्या. मी नवं शेड्यूल पाठवलं आणि त्यानुसार सुधारलेलं निमंत्रणपत्र मागितलं. व्हिसाच्या अर्जात जुन्या तारखा राहिल्या असत्या तर तिकिटं, हॉटेल, विमा यांपैकी काहीच एकमेकांशी जुळलं नसतं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली होती. एकदा माणसं गावाला गेली की सहीला कोणी सापडत नाही, म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट त्याच रात्री माझ्या कपाटात आले.