स्टार ट्रेक गेलं तरी चालेल, मधल्या जाहिराती जपा

माळा आवरताना 'स्टार ट्रेक, रविवार' असं लिहिलेली व्हीएचएस कॅसेट हाती लागली की पुढची चूक ठरलेली असते. ती संगणकावर घ्यायची आणि निवेदिका, जाहिराती, 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी हे सगळं कापून फक्त भाग ठेवायचा. नेमकं उलटं करा.

स्टार ट्रेक या अमेरिकी अंतराळ-मालिकेचे ७९ भाग १९६६ ते १९६९ या काळात ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाले. ती फिल्म टिकली, म्हणून तर २००६ पासून त्यांच्या नव्याने उजळलेल्या प्रती निघाल्या. पाचोऱ्याच्या गच्चीवर बांबूला बांधलेल्या अँटेनाने पकडलेली तुमची प्रत त्यांच्यापुढे काय टिकणार? पण त्या भागाच्या आगेमागे दूरदर्शनने काय दाखवलं, साबणाची कोणती जाहिरात लागली, निवेदिका नमस्कार करून काय म्हणाली, हे दुसरीकडे कुठे असेलच याची खात्री नाही. अमेरिकी विनोदी अभिनेत्री लुसिल बॉलच्या कार्यक्रमांचंही तसंच.

अमेरिकेतही घराघरातल्या रेकॉर्डिंगवाल्यांनीच बरंच काही वाचवलंय. सुरुवातीच्या काळात तिथे कार्यक्रम थेट जात. जपायचा झालाच, तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्याची नक्कल काढत. तिला किनेस्कोप म्हणत. चित्र धुरकट, कडा गोलसर. लुसिल बॉलची 'आय लव्ह लुसी' १५ ऑक्टोबर १९५१ला सुरू झाली ती मात्र तीन कॅमेऱ्यांनी थेट ३५ मिलिमीटरवर, म्हणून ती आजही लख्ख दिसते. १९५६मध्ये अँपेक्स कंपनीचं व्हिडिओ टेपचं यंत्र आलं आणि नवाच घोळ झाला. दोन इंच रुंदीची ती टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. मग पुसलीच. जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो' या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाची पहिली दहा वर्षं बहुतांशी अशीच गेली. १५ जानेवारी १९६७चा पहिला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, दोन नेटवर्कांनी दाखवला आणि दोघांनीही टेप राखली नाही. पुढे एका घराच्या माळ्यावर त्याचं रेकॉर्डिंग सापडलं, तेही अपुरं. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी तर तीसेक वर्षं, २०१२मध्ये मरेपर्यंत, घरी रात्रंदिवस बातम्या रेकॉर्ड केल्या. जाहिरातींसकट! हजारो कॅसेटींचा तो साठा आता इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाकडे आहे.

आता आपल्या माळ्याकडे येऊ. कोकणातल्या कॅसेटला बुरशी खाते, खान्देशातल्या कॅसेटला ऊन आणि धूळ. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास असतो, पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. टेप पॉलिएस्टरची असते. तापून-निवून तिचे वेढे सैल-घट्ट होतात, कड लाटेसारखी होते, आणि टोकाला रिळाशी जोडणारी पारदर्शक पट्टी सुटते. धाब्याच्या घरातली कॅसेट त्या मानाने बरी निघते, पण छतातून माती गळते ती कवचात शिरते.

कॅसेट खाली आणली की लगेच लावू नका. एक दिवस खोलीत राहू द्या. तोवर पाठीच्या कडेवरचा छोटा प्लास्टिकचा टॅब मोडून टाका. तो नसला की व्हीसीआर रेकॉर्ड करूच शकत नाही, आणि चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी काही पुसत नाही. मग बाजूची कळ दाबून पुढची झडप उचला आणि टेप बघा. खिडकीतून वेढ्यांवर पांढरी भुकटी किंवा दवासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही, कारण हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागलेली बुरशी पुढच्या दहा कॅसेटींना लागते. ती वेगळ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद करून आठवडाभर ठेवा. वाळली की तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर साफ करा. उन्हात वाळवायचा मोह टाळा, आपलं ऊन पापडांसाठी ठीक आहे.

कॅसेट चांगली असेल तर आधी शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि मग पूर्ण रीवाइंड. वेढ्यांचा ताण सारखा होतो. हे न करता थेट प्ले केलं की टेप मध्येच अडखळते, आणि व्हीसीआर ती खातो.

कवच फुटलं असेल तर खालच्या बाजूचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात. झडपेची बारीक स्प्रिंग उडते, म्हणून परातीत ठेवून उघडा. टेप तुटली असेल तर दोन्ही टोकं सरळ कापून स्प्लायसिंग टेपने जोडा. व्हीएचएसमध्ये रेकॉर्ड झालेली बाजू बाहेर असते, म्हणून पट्टी आतल्या बाजूने. सेलोटेप अजिबात नको. उन्हाळ्यात त्याचा डिंक पाझरतो आणि हेडवर बसतो.

व्हीसीआर आता नवा मिळत नाही. शेवटची कंपनी फुनाई, तिनेही २०१६मध्ये बनवणं थांबवलं. जुना मिळाला की आधी हेड साफ करा. प्लग काढून ठेवा. शॅमॉय चामड्याच्या तुकड्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तो ड्रमला (हेड बसवलेल्या गोल फिरत्या डब्याला) हलका टेकवून स्थिर धरा, आणि वरून ड्रम हाताने हळू फिरवा. चामडं वर-खाली घासलं तर हेड तुटलंच समजा. कानातल्या कापसाच्या काडीने ड्रम पुसू नका, धागा हेडमध्ये अडकतो. आवाजाचं हेड पुसायला ती चालते.

आणि इन्व्हर्टर किंवा यूपीएस लावूनच बसा. लोडशेडिंगला प्ले चालू असताना वीज गेली की टेप ड्रमभोवती गुंडाळलेलीच राहते. अशा वेळी कॅसेट ओढायची नाही. वीज आली की बहुतेक व्हीसीआर टेप आपोआप आत घेतात.

चित्र दिसायला लागलं की दोष नक्की कोणाचा ते ओळखा, म्हणजे नसता खर्च टळतो. पडद्याच्या वर किंवा खाली खरखरीचा आडवा पट्टा असेल तर ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या पट्ट्यांशी जुळत नाही. बटण फिरवून तो घालवा. क्षणभर चमकून जाणाऱ्या आडव्या पांढऱ्या रेघा असतील तर टेपचा थर उडालाय. पडदाभर एकसारख्या मुंग्या असतील तर त्या मुळातच रेकॉर्ड झाल्यात. गाव प्रक्षेपकापासून लांब, अँटेना जरा फिरलेली, बूस्टर तापलेला. माणसाच्या उजवीकडे त्याची फिकट सावली दिसत असेल, तर डोंगरावर आपटून उशिरा आलेली लहर. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत हे नेहमीचं होतं. या शेवटच्या दोन्हींवर कुठल्याही हेड-सफाईचा इलाज नाही. एक गंमत मात्र होऊ शकते. घरात टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट असला तरी टेपवर रंग उतरलेले असू शकतात. दूरदर्शन १९८२पासून रंगीत होतं. त्या घराने स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा पिवळा शर्ट कधी पाहिलाच नसेल, टेपवर तो असेल.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट वेगळी. टीव्हीच्या चित्राची आपली पद्धत पॅल, म्हणजे ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. तिकडचं एनटीएससी म्हणजे ५२५ रेषा आणि २९.९७. साध्या पॅल व्हीसीआरवर ती काळी-पांढरी किंवा सरकत राहते. आखाती देशांतून आलेले मल्टिसिस्टिम व्हीसीआर ती चालवतात, पण बरेचसे सिग्नल पॅल-६० या दोन्हींच्या मिश्र रूपात देतात. कॅप्चरच्या (टेप संगणकावर उतरवण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय निवडला नाही तर रंग गायब. टेप खराब झालीय असं समजून बऱ्याच जणांनी अशा कॅसेटी फेकल्यात. उलट घोळ वेळेचा. तिकडून आलेली कोरी टी-१२० कॅसेट तिकडे दोन तास चालते. इकडच्या व्हीसीआरमध्ये टेप हळू सरकते, त्यामुळे इथे रेकॉर्ड केलं तर तिच्यावर जवळपास तीन तास मावतात. डब्यावर १२० वाचून दोन तासांनी थांबू नका. खरी मजेची जाहिरात बऱ्याचदा त्या शेवटच्या तासात असते.

संगणकावर घेताना पिवळी-पांढरी-लाल वायर आणि यूएसबी कॅप्चर डिव्हाइस पुरतं. अडचण येते ती रिकाम्या आणि खराब तुकड्यांवर. तिथे डिव्हाइस चित्रं गाळतं आणि पुढे आवाज ओठांच्या मागे पडतो. त्यावर टाइम बेस करेक्टर (डळमळीत सिग्नल स्थिर करणारं यंत्र) हा खरा उपाय, पण तो महाग. घरात जुना डीव्हीडी रेकॉर्डर असेल तर सिग्नल त्याच्यातून जाऊ द्या, बराच फरक पडतो. तोही नसेल तर तुकडे पाडून कॅप्चर करा. व्हीसीआरच्या मेनूत निळ्या पडद्याचा पर्याय असेल तर बंद करा, नाहीतर सिग्नल जरा कमजोर झाला की सगळं निळं.

पॅल कॅसेटची मूळ फाइल ७२० गुणिले ५७६, २५ चित्रं, इंटरलेस्ड (प्रत्येक चित्र एकाआड एक रेषांच्या दोन फील्डांत) अशीच ठेवा. हफ-वाययूव्ही या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात तासाला ३० ते ४० जीबी लागतात, डीव्ही या जास्त दाबलेल्या स्वरूपात १३. डीइंटरलेस (दोन फील्डं एक करणं), छोटी एमपी-४ वगैरे नंतर, दुसऱ्या फाइलवर. हालचाल थरथरत मागे-पुढे होत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागलाय. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं. तळाशी सात-आठ रेषांची खरखर दिसते ती हेड बदलण्याची खूण आहे, मूळ फाइलमध्ये कापू नका. आणि ४:३चं चित्र ताणून रुंद करू नका, लुसी जाडी दिसते.

शीर्षकसंगीत आठवणीपेक्षा किंवा नेटवरच्या क्लिपपेक्षा जरा जलद वाटलं तरी वेग बदलू नका. २४ चित्रांची फिल्म पॅलवर २५ने चालवली की चार टक्के वेग वाढतो, ५० मिनिटांचा भाग ४८मध्ये संपतो, सूरही अर्ध्या स्वराला जरा कमी इतका चढतो. दूरदर्शनवर फिल्मवरून दाखवलेला भाग असाच ऐकू आला असणार.

फाइलच्या नावात कॅसेटच्या लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा लिहा, अंदाजाने तारीख घालू नका. तारीख शोधायची तर निवेदिकेच्या बोलण्यात आणि जाहिरातीत शोधा: 'येत्या अखाजीला' (अक्षय्य तृतीयेला) किंवा 'उद्या मतदान' असा एखादा धागा निघतो. मग कॅसेट रीवाइंड करून, पुस्तकासारखी उभी, आतल्या भिंतीच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवा. माळ्यावर परत नको.