एस्ताकास म्हणजे खुंट

रेवदंड्याला आमचं घर आगरकोटाच्या आत, नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. कोटाची भिंत, सातखणी मनोरा, कमानींवर माजलेले वेल, या सगळ्याला लहानपणी एकच उत्तर मिळायचं, “पोर्तुगीजांचं आहे.” शाळेत वसई आली, 1739 आलं, चिमाजीअप्पा आले. पण 1508 च्या मार्चमध्ये आमच्याच खाडीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लढताना मेला, हे मला पस्तिशी उलटल्यावर एका इंग्रजी पुस्तकातल्या दोन ओळींत कळलं. त्या दोन ओळी मुळात कुठल्या, कोणी आधी लिहिल्या, हे शोधायला मी बसले. त्याला साडेचार वर्षं लागली. कोणाला याच वाटेनं जायचं असेल तर माझे चुकलेले फाटे माहीत असावेत, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला फाटा म्हणजे भाषांतरांवर भागेल हा समज. त्या काळच्या पोर्तुगीज इतिहासग्रंथांपैकी इंग्रजीत थोडंफार आहे. अफोन्सो द आल्बुकर्कच्या मुलानं वडिलांच्या पत्रांवरून रचलेला ग्रंथ चार खंडांत मिळतो. गास्पार कोरैयाचा वास्को द गामाच्या सफरींपुरता भाग 1869 मध्ये आला. फेर्नांव लोपेश द काश्तान्येदाचा पहिला खंड तर 1582 इतक्या लवकर इंग्रजीत उतरला होता. पण फ्रान्सिश्को द आल्मैदा व्हाइसरॉय म्हणून 1505 मध्ये आला, त्यानंतरची हकिकत काश्तान्येदाच्या दुसऱ्या खंडात आहे. आणि जुआंव द बार्रुशच्या ‘दशकां’चं, म्हणजे त्याच्या इतिहासाचं, संपूर्ण इंग्रजी भाषांतर मला कुठेच सापडलं नाही. भाषा शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

गोव्यातल्या एक टीचर ऑनलाइन पोर्तुगीज शिकवतात, त्यांच्याकडे नाव घातलं. मी रेवदंड्याची म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “अगं, तुझ्या खाडीपलीकडे कोर्लईला अजून ती भाषा आहे की घरात.” कोर्लईचे लोक आपल्या बोलीला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीजमधून निघालेली, मराठीशेजारी पाचशे वर्षं वाढलेली बोली. तिच्यावरून जुनं पोर्तुगीज वाचता येत नाही, पण त्या दिवसापासून मला हे काम परक्याचं वाटेनासं झालं.

दीड वर्षात वर्तमानपत्र वाचण्याइतकी भाषा आली. मग सोळाव्या शतकातल्या छापील पानाचं छायाचित्र उघडलं आणि एक ओळही लागेना. तेव्हाचा लांब ‘स’ (s) हुबेहूब ‘फ’सारखा (f) दिसतो. ‘उ’ आणि ‘व’ एकमेकांच्या जागी येतात. जागा वाचवायला शब्दाचा अर्धा भाग गाळून वर नागमोडी रेघ दिलेली असते. मी दोन महिने हट्टानं तेच पान घोकत बसले, ते बसायला नको होतं. सुरुवातीला नंतरच्या आवृत्त्या पुरतात. बार्रुश आणि त्याचं काम पुढे नेणारा दिओगो दो कौतो या दोघांची 24 छोट्या खंडांची आवृत्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस लिस्बनला निघाली. काश्तान्येदाची 1833 ची आहे. दोन्हींची स्कॅन केलेली पानं फुकट मिळतात. आधी ती वाचावीत आणि शंका आली की मूळ पानाकडे जावं.

दुसरी अडचण नावांची. मी ‘निजामशाह’ शोधत होते आणि समोर ‘निझामालुको’ येऊन जात होता. तो निजाम-उल-मुल्क, अहमदनगरचा, म्हणजे रेवदंड्याला लागूनचं चौल बंदर ज्याच्या राज्यात होतं तोच. ‘इदालकांव’ म्हणजे आदिलखान. ‘मेलिके आझ’ म्हणजे दीवचा मलिक अयाज, आणि ‘मिरोसेम’ म्हणजे इजिप्तच्या सुलतानानं पाठवलेल्या आरमाराचा सरदार अमीर हुसेन. ‘रूमेस’ म्हणजे रोमचे लोक समजून मी एक अख्खं प्रकरण चुकीचं वाचलं. ते इजिप्त-तुर्कस्तानकडून आलेले सैनिक. ‘मोरो’ हा शब्द कुठल्याही मुसलमानाला लावतात, मग तो कैरोचा असो की चौलचा. हिंदूंना ‘जेंतियो’. म्हणून या ग्रंथांत ‘मोरो’ दिसला की माणूस आपला की बाहेरचा, हे वाक्यावाक्याला ठरवावं लागतं. मी दोनशे पानी वही केली, डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे आपला. या कामातलं सगळ्यात उपयोगी काही असेल तर ती वही.

मग प्रश्न, कोणावर किती विश्वास ठेवायचा? मी छपाईच्या सालाप्रमाणे वाचायला घेतलं, तेही चुकलं. काश्तान्येदाचा पहिला खंड 1551 चा, बार्रुशचं पहिलं दशक 1552 चं, दुसरं 1553 चं. कोरैयाचा ग्रंथ मात्र छापून निघाला 1858 ते 1866 मध्ये, आणि मी त्याला उगाच ‘नंतरचा’ म्हणून मागे टाकलं. वास्तविक तो 1512 मध्येच हिंदुस्थानात आला होता, आल्बुकर्कचा लेखनिक होता आणि इथेच म्हातारा झाला. त्याचं हस्तलिखित तीनशे वर्षं पडून होतं, एवढंच. तेव्हा छापलं कधी यापेक्षा कोण कुठे बसून लिहीत होता, ते पाहावं.

बार्रुश हिंदुस्थानात कधीच आला नाही. लिस्बनला ‘काझा द इंडिया’ या सरकारी व्यापारकचेरीचा तो मोठा अधिकारी होता. येणारी-जाणारी कागदपत्रं, परतलेले कप्तान, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. रोमन इतिहासकार लिव्हीच्या धर्तीवर त्यानं दहा-दहा पुस्तकांची दशकं आखली. चिनी ग्रंथ वाचून घ्यायला एक चिनी गुलाम विकत घेतल्याचं तो स्वतः सांगतो. ते वाचून माझा हात थांबला होता. त्या माणसाचं नाव त्यानं दिलेलं नाही.

काश्तान्येदा 1528 मध्ये वडिलांबरोबर गोव्यात आला, दहा वर्षं राहिला, ज्यांनी लढाया पाहिल्या त्यांना विचारत फिरला. परत गेल्यावर कुइंब्रा विद्यापीठात साध्या नोकरीत राहून त्यानं दहा खंड लिहिले. आठ छापले गेले. त्याची भाषा साधी आहे, अलंकार नाहीत. माझ्यासारखीनं याच्यापासून सुरुवात करावी.

पण 1508 साली चौलमध्ये या तिघांपैकी कोणीच नव्हता. हे ध्यानात ठेवून मी मोठ्या कागदावर तीन रकाने आखले आणि लढाई तासातासानं उतरवत गेले. मृतांचे आकडे जुळत नाहीत. कोण कोणाला काय म्हणालं, यात कोरैया सगळ्यांत बोलका, आणि म्हणूनच तिथे मी सगळ्यांत सावध. ढोबळ हकिकत मात्र तिघांची एकच. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मैदा चौलच्या खाडीत व्यापारी गलबतांच्या रक्षणाला थांबला होता. अमीर हुसेनचं आरमार आत शिरलं, मागून मलिक अयाजची गलबतं आली. पोर्तुगीज बाहेर पडू लागले, तेव्हा लोरेन्सोचं जहाज प्रवाहानं ओढलं गेलं आणि अडकलं. दुसऱ्या गलबतानं ओढून काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तोफगोळ्यानं त्याचा पाय गेला. डोलकाठीशी बसवून घेऊन तो हुकूम देत राहिला आणि तिथेच मेला. पुढे 1572 मध्ये पोर्तुगीजांच्या महाकाव्यातही तो पाय आला.

जहाज कशात अडकलं? एका रात्री काश्तान्येदाच्या पानावर मला तो शब्द लागला: ‘एस्ताकास’. शब्दकोशात अर्थ मेखा, रोवलेले खांब. आणि पुढे, कोळ्यांचे, मासेमारीचे. मी तसाच बार्रुश उघडला. तिथेही तेच.

सकाळी कोळीवाड्यात तात्यांकडे गेले. बाबांबरोबरचे, ऐंशीच्या घरातले. मी शब्द समजावायला लागले, तर त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. “खुंट गं ते. डोलीचं. जाळं बांधाला रोवतात. पानी वर असला की दिसत नाय.” मग विचारलं, “कुनाचं खुंट होतं, ते लिवलंय काय?”

नव्हतं लिहिलेलं. तिन्ही ग्रंथांत कप्तानांची नावं आहेत, त्यांच्या वडिलांची आहेत, कोणता उमराव कोणाचा मेहुणा तेही आहे. ज्यांच्या खुंटांनी ती लढाई फिरवली, ते चौलचे कोळी एका शब्दापुरते येतात, तोही लाकडाचा. पण येतात. लिस्बनला बसून लिहिणाऱ्यालाही त्यांना गाळता आलं नाही, कारण जहाज का अडकलं हे सांगायला दुसरं कारणच नव्हतं. हे ग्रंथ राजासाठी आणि घराण्यांसाठी लिहिलेले आहेत, हे मी मान्य करते. तरी त्यांत आपले लोक शोधायचे तर लढणाऱ्यांच्या यादीत न शोधता अडथळ्यांत, पाणी भरण्यात, वाट दाखवण्यात, भाताच्या किमतीत शोधावेत.

एक प्रकरण वाचायला मला पंधरा दिवस लागले, आणि भाषा अवघड म्हणून नव्हे. मुलाच्या मृत्यूनंतर फ्रान्सिश्को द आल्मैदा दीवकडे निघाला आणि वाटेत, 1508 च्या डिसेंबरअखेर, दाभोळवर उतरला. दाभोळ आदिलशाहीतलं, चौलच्या लढाईशी संबंध नसलेलं. तिथे बायकामुलांसकट माणसं कापली, गाव जाळलं. लिहिणारे ते लपवत नाहीत, पराक्रमाच्या ओघात सांगून जातात. माझं आजोळ दाभोळजवळचं आहे. त्या पानांचं मराठी करताना मी रोज चार-पाच ओळींवर उठत असे.

तेव्हा टीचरांनी मला आणखी मागे पाठवलं, झुराराकडे. गोमेश ईयानेश द झुरारा हा या परंपरेतला जवळजवळ पहिला; गिनीच्या किनाऱ्याचा त्याचा इतिहास 1453 चा, आणि हस्तलिखित पॅरिसला सापडलं 1837 मध्ये. त्यात 1444 साली लागोश बंदरात आणलेल्या 235 आफ्रिकी कैद्यांच्या वाटण्या आहेत. आयांपासून मुलं तोडली जात असताना तो लिहितो की मला रडू येतं, आणि लगेच राजपुत्र हेन्रीच्या वाट्याला पाचवा हिस्सा म्हणून 46 जण आले हेही नोंदवतो, राजपुत्राची स्तुती करत. हे वाचल्यावर दाभोळच्या पानांतला आवाज मला ओळखता आला. दुःख कमी झालं नाही, पण लिहिणारा कुठे उभा आहे ते कळलं.

गेल्या पावसाळ्यात तिन्ही हकिकतींचं मराठी पुरं झालं, वहीची एकवीस पानं. तात्यांना दिसत नाही आता, म्हणून त्यांच्या ओटीवर बसून मीच वाचून दाखवली. खुंटांपाशी आले तेव्हा त्यांनी थांबवलं आणि नातवाला हाक मारली, “ऐक रं, आपलं आलंय.” मला तेवढा भाग पुन्हा वाचावा लागला.

आता कौतो काढला आहे. तो गोव्यातच राहिला, 1595 मध्ये तिथल्या दफ्तरखान्याचा पहिला रखवालदार झाला आणि 1616 मध्ये तिथेच वारला. 1570-71 मध्ये निजामशाहानं चौलला घातलेला वेढा मला त्याच्याकडून वाचायचा आहे. त्या वेळी आमच्या वाडीत कोण राहत होतं, कोणाच्या विहिरीचं पाणी कोटात जात होतं, हे प्रश्न वहीच्या उजव्या रकान्यात आधीच लिहून ठेवले आहेत.